मिठागरातल्या प्रेताबद्दल चांगुणामावशीचं मत

आमच्या घरात मत नसलेलं माणूस नव्हतं. बाबा मुंबईच्या एका कचेरीत नोकरीला होते. सिनेमा न पाहता त्याबद्दल बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पनवेलच्या थिएटरबाहेर लावलेलं पोस्टर एकदा नीट पाहिलं की त्यांचं काम झालेलं असे. पिस्तूल आणि कपाळावरचं रक्त एकाच चित्रात असेल तर त्या सिनेमात गोष्ट नसते, हा त्यांचा ठाम सिद्धान्त होता. आई सिनेमा बघायची, पण गाणी संपली की तिच्या लेखी सिनेमाही संपायचा. पुस्तकांच्या बाबतीत तिची तऱ्हा वेगळीच होती. रहस्यकथा हातात आली की ती शेवटचं पान आधी वाचायची. कोण मेलं आणि कुणी मारलं हे एकदा कळलं की मग जिवाला घोर न लावता वाचता येतं, असं तिचं म्हणणं. मी चिडायचे. ती म्हणायची, "मी काय तुला सांगते का शेवट? माझ्या पोटात ठेवते." आणि खरोखरच ठेवायची. आईच्या पोटात किती गोष्टींचे शेवट पडून होते, याचा मला फार उशिरा अंदाज आला.

आम्ही नवीन पनवेलमध्ये तळमजल्यावर राहायचो. दोन खोल्या, मागच्या बाजूला छोटी पडवी आणि पडवीच्या पुढे मोकळी जमीन. पलीकडे सुकापूरच्या बाजूची झाडं दिसायची. तेव्हा वसाहत अर्धीमुर्धीच वसली होती. दुपारी इतकं शांत असायचं की वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांच्या घरातली शिट्टी आमच्या कुकरची समजून आई गॅस बंद करायला उठायची. मी अकरावीत होते. कॉलेज सकाळचं, त्यामुळे दुपारभर घरी. जुन्या पनवेलमधल्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं मिळायची. एक बाबांच्या नावावर, ते जाड आणि गंभीर असायचं आणि बहुतेक वेळा न उघडताच परत जायचं. दुसरं माझं आणि आईचं. त्याच्या मुखपृष्ठावर हटकून एखादी किंचाळणारी बाई असायची.

आमच्याकडे बिरडं फार व्हायचं. आई वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायची आणि दुपारी ते कोमट पाण्यात घालून सोलत बसायची. सोलताना हात अडकलेले, म्हणून पुस्तक मी मोठ्यानं वाचायचं, असा आमचा ठराव होता. सालं पातेल्याच्या कडेला पचपच पडत असायची, मोडांचा तो हिरवट उग्र वास पडवीत भरायचा आणि त्या वासातच इन्स्पेक्टर विश्राम धुक्यातून चालत खुन्याच्या मागावर निघालेला असायचा. आजही सोललेल्या वालाचा वास आला की कुणाचा तरी खून झालाय असं मला क्षणभर वाटतं.

हे वाल आणायची चांगुणामावशी. सुकापूरची. वय आईपेक्षा पंधराएक वर्षांनी जास्त असेल. काळीसावळी, काटक, गुडघ्यांच्या वर घट्ट कासोटा मारलेलं लुगडं आणि डोक्यावर पाटी. पाटीत एका बाजूला वाल, पांढरे कांदे, दुसऱ्या बाजूला सुकट आणि खारवलेले मासे. आठवड्यातून दोनदा यायची. आमचं घर तिच्या फेरीतलं शेवटचं, त्यामुळे पाटी उतरवून ती पडवीत टेकायची, आई चहा द्यायची आणि मग दोघी मिळून वाल सोलायच्या. आईची एक वाटी होईपर्यंत मावशीच्या दोन व्हायच्या. एकदा ती सहज म्हणाली होती, "वयनी, तुमची बिल्डिंग हाय ना, हितंच आमचा वालाचा शेत व्हता." आईनं तिच्या कपात आणखी चहा ओतला. मावशीनंच विषय बदलला आणि मला म्हणाली, "वाच गो बाय. थांबलीस कशाला?"

तिला वाचता येत नव्हतं. पण तिच्यासारखी वाचक मी नंतर क्वचितच पाहिली. पहिल्या दिवशी ती नुसती ऐकत होती. दुसऱ्या खेपेला तिनं तोंड उघडलं. कथेत घरधन्याचा खून झाला होता आणि त्याचा पुतण्या इन्स्पेक्टरसमोर चहा पीत बसला होता. मावशी म्हणाली, "यानंच मारलाय." मी विचारलं, कशावरून? "घरात मढा पडलाय आनी याला च्या ग्वाड लागतो? लिवनाऱ्यानं लिवलाय ना, दोन कप प्याला म्हनून." शेवटचं पान आईला ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली आणि भराभर वाल सोलू लागली. त्यावरून मला कळलं की मावशीचं बरोबर आहे.

भुतांवर तर तिचा फारच राग. गणपतीत वसाहतीच्या मंडळानं एक भुताचा सिनेमा दाखवला होता. पांढऱ्या साडीतली बाई पावसात, चिखलातून छुमछुम करत चालत येते आणि माणसं भीतीनं मरतात. सगळ्या वसाहतीत चार दिवस त्याचीच चर्चा. कुणी म्हणे कथा कच्ची, कुणी म्हणे भूत उशिरा दाखवलं. जोशीकाका म्हणाले, संगीतामुळेच भीती वाटते, आवाज बंद करून पाहा. मावशी म्हणाली, "वल्या चिखलात पैंजन वाजत नाय." बस, एवढंच. मी आज इतक्या वर्षांनी सांगते, त्या सिनेमाबद्दल याहून नेमकं कुणीच बोललं नव्हतं.

रविवारी सकाळी टीव्हीवर गुप्तहेराची एक मालिका लागायची. तळमजल्यावर रंगीत टीव्ही आमच्याकडेच, त्यामुळे आठ-दहा माणसं जमायची. आई कांदेपोहे करायची. मावशीही त्या वेळेला फेरी जुळवून यायची आणि दाराच्या आत, उंबऱ्यालगत बसायची. आई खुर्ची पुढे करायची, ती बसायची नाही. मालिका संपली की मतांचा बाजार भरायचा. जोशीकाकांना खुनी नेहमी आधीच कळलेला असायचा, फक्त ते सांगायचे नंतर. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "या असल्या गोष्टींनी डोक्याला गंज चढतो." ते माझ्याकडे बघून म्हणत नसत, पण वाक्य माझ्यासाठी असे. मला त्याचं फार वाईट वाटायचं. मी बाबांची लाडकी होते, पण माझं वाचन त्यांना आवडत नव्हतं, आणि त्या वयात वाचन सोडून माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?

अशात वाचनालयात 'मिठागरातील प्रेत' आलं. श्रावणातल्या एका सोमवारी, एका मिठागरात मजूर मीठ ओढून गोळा करत असतात. ओढता ओढता दुर्गंधी येते आणि मिठाच्या राशीत तीन दिवसांपूर्वी पुरलेलं प्रेत सापडतं, अशी सुरुवात. मी दुसरं पान उलटायच्या आतच मावशीनं हातातला वाल पातेल्यात टाकला.

"श्रावनात मीठ कोन वडतो?" ती म्हणाली. "श्रावनात आगरात पानी असतो. माशे फिरतात त्यात. आनी रास कुटली उघडी? राशीला पेंडा घालून झाकून ठेवतात."

"गोष्ट आहे ती, मावशी," मी म्हटलं.

"गोष्ट हाय म्हनून काय झाला? आनी मिठात पुरलेला मानूस तीन दिसांत वास मारतो? मंग आमी मासली मिठात कशाला घालतो?"

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मावशीचं माहेर उरणच्या वाटेवर, तिच्या बापाचं मिठागर होतं. लहानपणापासून ती तिथं राबलेली. खाऱ्या पाण्यानं पायाला पडलेल्या भेगा तिनं मला दाखवल्या. त्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणावर ती दुपारभर बोलली आणि मी ऐकत राहिले. पुस्तकापेक्षा ते ऐकायला मजा येत होती.

त्याच पुस्तकाचे प्रकाशक पुण्याहून रहस्यकथांचं एक मासिक काढायचे. त्यात वाचकांची पत्रं छापून येत. महिन्याच्या सर्वोत्तम पत्राला चौकट आणि वर्षभर अंक फुकट. मी पत्र लिहिलं. श्रावणातलं पाणी, झाकलेली रास, दिवाळी झाली की पिकणारं मीठ, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'मिठात पुरलेलं प्रेत तीन दिवसांत कुजत असेल, तर आम्ही मासळी मिठात कशाला घालतो?' आमच्या घरात मासळी मिठात कुणी कधी घातली नव्हती. खाली माझं नाव, पत्ता. लिहिताना मनात खोट होती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खरं सांगायचं तर नव्हती. ऐकलेलं सगळं आपलंच असतं असं मला वाटत होतं. शब्द माझे, शुद्धलेखन माझं, पोस्टाचं तिकीट माझं. मग पत्रही माझंच.

दोन महिन्यांनी ते चौकटीत छापून आलं. अंक शनिवारी आला आणि बाबांनी तो तीनदा वाचला. नंतर चष्मा काढून मला म्हणाले, "तर्क चांगला चालवलायस." एवढं चांगलं ते माझ्याशी माझ्या मार्कांबद्दलही बोलले नव्हते. त्या दिवशी माझं जेवणाकडे लक्षच नव्हतं. आई मान खाली घालून वाढत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मालिका संपली, पोह्यांच्या बशा गोळा झाल्या आणि बाबा अंक घेऊन उभे राहिले. "आमच्या लेकीचं पत्र छापून आलंय, ऐका." त्यांचा आवाज भारदस्त होता. ते वाचत गेले तशी माणसं माना डोलवू लागली. मासळीच्या वाक्याला सगळे खो खो हसले. जोशीकाका म्हणाले, "वा, काय निरीक्षण आहे पोरीचं." मी जमिनीकडे पाहत होते. चांगुणामावशी उंबऱ्याजवळ बसलेली आहे, हे मला पूर्णपणे माहीत होतं. तिच्याकडे सोडून मी सगळीकडे पाहिलं.

हसणं थांबल्यावर मावशी म्हणाली, "बराबर लिवलाय." मग ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली, आईला म्हणाली, "वयनी, जरा हात लावा," आणि पाटी घेऊन गेली.

त्या आठवड्यात ती आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. आईनं बाजारातून वाल आणले. पडवीत आम्ही दोघीच बसलो, मी वाचायला लागले आणि माझं मलाच ते वाचन रिकामं वाटू लागलं. अर्ध्यावर पुस्तक मिटलं. आई सोलता सोलता, वर न बघता म्हणाली, "पत्र तुझं होतं, का चांगुणाबाईंचं?"

मला रडू आलं. "तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"चारचौघांत बोलले असते तर तुला फक्त लाज वाटली असती," आई म्हणाली. "जाऊन ये त्यांच्याकडे. मी येणार नाही. तुझं तू बघ."

सुकापूर आमच्याकडून चालत पंधरा मिनिटं. त्या दिवशी मला ते कर्नाळ्याच्या चढासारखं वाटलं. मावशी ओटीवर सुकट निवडत होती. मला पाहून ती दचकली नाही, उठलीही नाही. "ये," म्हणाली आणि पाटाकडे बोट दाखवलं. मी पाठ करून नेलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हटलं, "मावशी, ते सगळं तुमचं होतं. मी माझं नाव लिहिलं."

ती सुकट निवडत राहिली. मग म्हणाली, "तू लिवलास त्याचा राग नाय आला. मना लिवता येत नाय, कोनी तरी लिवला पायजेच. पन तुजा बाप वाचीत व्हता तवा मी वाट बगत व्हते, आता ही माज्याकरं बगल आनी हसल. तू बगितलासच नाय."

एक मांजर सुपाकडे सरकत होतं, तिनं त्याला हाकललं. मग आपणहून बोलू लागली. बापाचं मिठागर सरकारकडे गेलं तेव्हा कागद झाले होते. भावांची नावं लागली. तिला बोलावलं, इथे अंगठा दे म्हणाले, तुझं यात काही नाही असं लिहायचंय. तिनं दिला. "मीठ वडायला मी व्हते," ती म्हणाली. "कागदाव मी कवाच नव्हते. म्हनून त्या दिशी जरा लागला. तुजा काय चुकला नाय तेवरा, पन लागला."

माझं चुकलं होतं, आणि तिला लागलं होतं तेवढंच चुकलं होतं. मी म्हटलं, "मी पुन्हा लिहिते. तुमच्या नावानं छापा म्हणून कळवते."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "लिव. पन या टायमाला बराबर लिव. तू लिवलास, दिवाली झाली का मीठ पिकतो. मी कवा बोलले तसा? दिवालीनंतर बांध घालतात, कोंड्या, म्हंजे मिठाचे वाफे, सारवतात, पानी घेतात. मीठ मंग पिकतो, ऊन तापला का. तुजा बाप वाचीत व्हता तवाच मी बोलनार व्हते, पन सगली हसत व्हती."

म्हणजे त्या चौकटीतल्या पत्रातही चूक होती आणि ती ऐकणाऱ्या दहा माणसांत एकटीला कळली होती. मला हसू फुटलं, तीही हसली. नाव काय लावायचं, मी विचारलं. नवऱ्याचं लावू? ती विचारात पडली. "बापाचा लाव. मिठागर त्याचा व्हता. चांगुणा पोशा."

बाबांना सांगणं हे त्याहून अवघड होतं. मी पत्र लिहून सरळ त्यांच्या हातात दिलं. ते वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला, ते मला अजून दिसतं. वाचून झाल्यावर त्यांनी पेन काढलं, माझा एक ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि म्हणाले, "सुवाच्य लिहून दे. मी स्वतः टाकतो." मला वाटलं, संपलं. पण रविवारी मालिका आटोपल्यावर ते पुन्हा उभे राहिले. मावशी त्या दिवशी आली होती, मी सांगून आले होते. बाबांनी माझं दुसरं पत्र त्याच जागी, त्याच भारदस्त आवाजात, एक शब्द न गाळता वाचलं. मी ऐकलेलं माझं म्हणून लिहिलं, हेही वाचलं. मग मावशीकडे वळून म्हणाले, "चांगुणाबाई, त्या दिवशी मी तुमच्या वाट्याचं कौतुक भलत्याच माणसाला दिलं." आणि स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी उंबऱ्याजवळ नेऊन ठेवली. मावशी खुर्चीकडे बघत राहिली. मग बसली, अगदी काठावर.

माझ्या बाबांनी आयुष्यात मला पुष्कळ काही दिलं. पण त्या सकाळी त्यांनी स्वतःचा कमीपणा चारचौघांत वाचून दाखवला, त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. त्यानंतर गंज चढतो हे वाक्यही आमच्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही. उलट एकदा मी त्यांना इन्स्पेक्टर विश्राम वाचताना पकडलं. म्हणाले, "चांगुणाबाई काय म्हणतात ते कळायला नको का?"

पुढे मी तीस वर्षं एका प्रकाशनसंस्थेत हस्तलिखितं तपासायचं काम केलं. विद्वान माणसांची मतं वाचली, लेखकांशी भांडले, परीक्षणं लिहिली. ते काम मला कुणी शिकवलं असं विचारतात तेव्हा मी माझ्या प्राध्यापकांची नावं सांगत नाही. पानावर लिहिलेलं खरं मानून त्यावर भांडायचं असतं, ओल्या चिखलात पैंजण वाजतात का हे विचारायचं असतं, हे मी पडवीत शिकले. आणि कुणाचं वाक्य उचललं तर त्या माणसाकडे पाहायचं असतं, हे सुकापूरच्या ओटीवर. मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या घराच्या जागी सात मजली इमारत आहे. तिथून जाताना मी रिक्षा हळू घ्यायला सांगते.

संपादकांनी दुसरं पत्रही छापलं. चौकटीत, 'दुरुस्ती' असं वर लिहून आणि खाली 'चांगुणा पोशा, सुकापूर' असं जाड अक्षरात. फुकटचा वर्षभराचा अंकही तिच्या नावावर केला. 'मिठागरातील प्रेत'च्या लेखकानं तिला कार्ड पाठवलं, पुढच्या आवृत्तीत खून फाल्गुनात करतो, आणखी काही चुकलं असेल तर कळवावं, म्हणून. पोस्टमननं ते कार्ड सुकापुरात तिच्या हातात दिलं, गावभर झालं. तिनं भावाच्या घरी जाऊन त्याच्या सुनेकडून अंक मोठ्यानं वाचून घेतला, हे मला तिच्याकडून नाही, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. आमच्याकडे ती नेहमीच्या दिवशी नेहमीच्या वेळी आली. पाटी उतरवली, चहा घेतला, अंक कमरेच्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, वाच. मी पत्र वाचलं. आई वाल सोलायची थांबली होती.

"आता नुसता नाव वाच," मावशी म्हणाली.

मी तिचं नाव वाचलं. गावासकट.

तिनं डोळे मिटून ऐकलं, मान हलवली. मग पातेलं जवळ ओढलं, ओंजळभर वाल पुढ्यात घेतले आणि म्हणाली, "हां. आता फुडची गोष्ट काड."